टेहळणीच्या विमानाचा फोटो

आमच्या मलकापूरच्या घरात इंग्रजांच्या काळातला एक जुना फोटो होता. सरहद्दीवरच्या माळावर उभं असलेलं टेहळणीचं विमान. एकावर एक दोन पंख, पुढं वैमानिक, मागं खालचा मुलूख न्याहाळणारा माणूस. तो मागचा म्हणजे आमचे आजोबा, असं घरात सगळ्यांनी धरलेलं. चामडी टोपी आणि गॉगलमुळं चेहरा काही दिसायचा नाही. पण आजोबा विमानातून पडून गेले अशी तार आली होती. मग ते विमानातच बसलेले असणार! दर पितृपक्षात त्या गॉगलवाल्याला गंध लागायचं. चंदनाचा हार तर कायमचाच.

आत्या तेव्हा पोटात होती. तिनं बाप पाहिलाच नाही. गेल्या वर्षी माधवनगरहून तिचा फोन आला, "डोळं पार जायच्या आत एकदा बापाचं तोंड मोठं करून दाव रं मला."

मी हवाई दलात विमानांखाली जन्म घालवलेला शहाणा, पण तो हार कधी काढून बघितला नव्हता. सांगलीच्या स्टुडिओत काढला आणि भर दुपारी अंगावर काटा आला. हाराखाली विमानाचं शेपूट होतं. त्याला मिठी मारून पालथा पडलेला, मुंडासं बांधलेला एक जवान पोरगा थेट माझ्याकडं बघत होता. स्टुडिओवाल्यानं तो चेहरा मोठा केला, पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. नाक, जुळलेल्या भुवया, सगळं माझंच. आम्ही त्या फोटोखाली जेवलो, भांडलो, लग्नं ठरवली, आणि हा हाराआडून बघत होता. परक्याला गंध लावून आपल्याच माणसाला झाकलं होतं आम्ही. माझी मलाच चीड आली.

प्रिंट घेऊन आत्याकडं गेलो. तिनं कागद पार नाकाला लावला.

"ह्यो तर पोरगाच हाय. शेपटावर काय करतोय?"

"विमानं ढकलायला-धरायला ठेवलेले खलाशी होते ते, आत्या. उडायच्या आधी इंजिनाचा जोर वाढवला की शेपूट उचलतं. म्हणून माणसं अशी आडवी पडून दाबून धरायची. इशारा झाला की खाली उडी मारायची."

"आन् इशारा चुकला म्हंजी?"

मी बोट वर आभाळाकडं केलं.

"तसाच वर गेला व्हय?"

मी मान डोलावली. शेपटाला आवळलेल्या त्या बोटांवरून ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली. मग नातवाला दटावावं तशी म्हणाली, "सोड की रं लेकरा. आजून जमिनीवरच हाय. सोड हात."