एका चौकोनातलं ग्वाल्हेर

ग्वाल्हेरातल्या आमच्या शिंदे की छावनीत मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घातला तर तो भाजूनच खाली येतो. तिथेच एक गृहस्थ राहतात. ऊन वाढत गेलं तर जंगलं किती कार्बन गिळतील आणि किती परत ओकतील, याचं मॉडेल ते संगणकावर चालवतात. चहात साखर किती घालू, एवढं विचारलं तरी चष्मा पुसत तीन शक्यता सांगतात; तोवर चहावरच्या सायीचं तूप होतं.

गाड्या लावायला जागा हवी म्हणून गल्लीतला कडुलिंब तोडायची टूम निघाली, तेव्हा आम्ही त्यांनाच विचारलं. या वेळी उत्तर एकच आलं.

"माझ्या मॉडेलमध्ये जगाच्या नकाशाचे चौकोन पाडलेत; त्यातल्या एका चौकोनात अख्खं ग्वाल्हेर मावतं. एका झाडाने त्यात काही फरक पडत नाही."

"मग झालं तर," शेजारचे नाना खूश झाले. "कल ही कटवा देते हैं."

सकाळी करवतवाले आले, तर हे बुंध्याला पाठ लावून खुर्चीत बसलेले.

"अहो, फरक पडत नाही म्हणालात ना काल?" नाना चिडले.

"म्हणालो. त्या चौकोनात मीही दिसत नाही, नाना. तरी मला उठवून बघा."