सुपातले पंजे

एका शनिवारी भर दुपारी, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत, मी माझ्या आईचे चार हात सुपात ठेवलेले पाहिले.

(माणसाला दोनच हात असतात हे मला ठाऊक आहे. मी सातवीला विज्ञान शिकवतो.)

पण त्या सुपापर्यंत मी कसा पोहोचलो हे सांगायचं, तर आधी गुन्हा कबूल करायला हवा. आईने सारी उमर लोकांच्या बांधीत, चिखलात वाकून धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी केली. साठीनंतर तिच्या बोटांचे सांधे सुजले, करंगळ्या आत वळल्या. मी जवळच्या कोहमारा गावच्या एका मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणली. "ले जाओ गुरुजी, आधे घंटे में आराम," दुकानदार म्हणाला. आणि खरंच आराम पडला! मग मी दर आठवड्याला पट्टी आणू लागलो. कुणा डॉक्टरला विचारलं नाही. चार वर्षं मी स्वतःला फार चांगला मुलगा समजत होतो.

मग आईच्या पायांवर सूज आली. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. (डॉक्टरने चष्मा काढला की समजावं.)

"किडनीवर ताण आलाय. सूज-दुखीच्या या गोळ्या आजपासून बंद. एकसुद्धा नाही. ह्या रोज कोण देत होतं?"

मी वर्गातल्यासारखा हात वर केला.

आता साधी तापाची गोळी, तीही मोजून आणि विचारून. बाकी शेक, बोटांचे व्यायाम आणि फिजिओथेरपीच्या मॅडम. पहिला शेक मी स्वतःच्या हातांनी दिला. रेती इतकी मनापासून तापवली की पोटली फाटून गादीला भोक पडलं. त्या दिवशी आई आणि माझी बायको सुलभा यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि आईच्या उपचारांतून माझं नाव कटलं.

"पण मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही काहीच करू नका," सुलभा म्हणाली. "अन् आईंच्या समोर ते तोंड घेऊन बसू नका, अजी. मयतीले आल्यासारखं वाटते."

त्यानंतर घरात चमत्कारिक गोष्टी सुरू झाल्या.

आधी वास आला. विझलेल्या मेणबत्तीचा. घरात मेणबत्ती नव्हती. मी कंदील पाहिला, इन्व्हर्टर हुंगला. वास माजघरातून सरकत जायचा आणि आईच्या खाटेपाशी थांबायचा.

मग आकडे. एकदा शाळेतून लवकर आलो, तर शेजारच्या यशोदाकाकूंच्या भिंतीपलीकडून सुलभाचा आवाज आला. संथ, एकसुरी. "एक... दोन... तीन..." आठपर्यंत मोजलं आणि सगळं गप्प झालं. मग आईचा दबलेला आवाज: "आता गुंडाळ. अन् त्याले सांगू नोको." काय गुंडाळ? मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. पलीकडून भिंतीवर काहीतरी थपकन टेकलं. मी जेवणसुद्धा न मागता घरात गेलो.

अर्ध्या तासाने आई घरी आली आणि तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. तो हात ओळखीचा नव्हता! तिचे हात खरखरीत, थंड. हा हात गरम होता आणि गुळगुळीत, बाहुलीच्या हातासारखा.

"काऊन बाबू, घाम फुटून राहिला तुले?"

"काही नाही," मी म्हणालो. (अशा वेळी विज्ञान शिक्षकाने दुसरं काय म्हणावं?)

शुक्रवारी मात्र मी तिला स्वयंपाकघरात पाहिलं. ती लोणच्याची बरणी उघडत होती. झाकण फिरेना. तिने बरणी छातीशी धरली, दातांत ओठ दाबला आणि तशीच उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी दाराआड उभा होतो. मला वाटलं, एक गोळी. फक्त एक. अगदीच सहन होणार नाही त्या दिवसासाठी. एका गोळीने किडनीला काय होणार आहे?

शनिवारी सकाळची शाळा सुटली, आणि मी कोहमाऱ्याला जाऊन पट्टी आणली.

गावात पोहोचलो तेव्हा बारा वाजले होते. धानकापणीचे दिवस, रस्त्यावर माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही. आमच्या घराचं दार उघडं, आत कुणी नाही. वीज गेलेली, इन्व्हर्टरही संपलेला. आणि वास! त्या दिवशी तो इतका दाट होता की घरात विधी चालू आहे आणि माणसं तेवढी दिसत नाहीत असं वाटावं.

धानाच्या खोलीत कोठीमागे पट्टी लपवायची, असं ठरवलं होतं. खोलीत छपराच्या एका फुटक्या कवेलूतून उजेडाची एकच काडी पडत होती. मी कोठीमागे हात घातला.

तिथे बोटं होती.

थंड, गुळगुळीत. त्यांनी माझा हात धरला नाही एवढंच. मी हात मागे ओढला आणि त्याबरोबर एक सूप सरकत उजेडात आलं. सुपात चार पंजे होते. पांढरेफटक, मनगटाशी चिरलेले, रक्ताचा थेंब नाही. चारही उताणे, काहीतरी मागत असल्यासारखे. सांधे सुजलेले. आणि करंगळ्या आत वळलेल्या.

तुम्ही ओळखला नसता, मी ओळखला. तो हात मला लहानपणी जेवू घालत होता.

माझ्या डोक्यात फक्त एक विचार आला, आणि तो मी लाजेने लिहितो: आई गेली, आणि तिचे हात गोळी मागायला आले. मी काय केलं? खिशातली पट्टी काढली आणि सगळ्यात जवळच्या पंजात ठेवली.

"घे," मी म्हणालो. "पण अशी येऊ नको."

तेवढ्यात उजेड गेला. दारात कुणी उभं होतं. पांढरं लुगडं. आईची उंची. दोन्ही हात पुढे केलेले, आणि मनगटांच्या पुढे पंजे नव्हते! नुसती दोन गाठोडी.

"बाबू," ती आकृती म्हणाली. "शाळा सुटली?"

मी ओरडलो. असा ओरडलो की पाठीमागच्या बांधीतले कापणीवाले विळे घेऊन धावत आले. मी मागे पडलो, सूप माझ्यावर पडलं, एक पंजा छातीवर आणि एक गालावर. "मीच मारलं तुले! चार वर्षं मीच मारत होतो! डॉक्टरने सांगितलं तरी आजही आणली! मले ने, माय, मले घेऊन जा!"

"कोण मेलं?" यशोदाकाकू मागून आल्या.

"माय मेली!"

"मी कायले मरीन?" आई म्हणाली. "अजून दहा मिनिटं राहिली हायेत."

"कशाची?"

"मेणाची, पोट्ट्या! वीस मिनिटं गुंडाळून ठेवा लागते!"

मग सगळ्यांनी एकदम बोलून मला समजावलं. मॅडमनी सांगितलेला मेणाचा शेक. पातळ, सोसवेल इतकंच कोमट मेण, त्यात हात आठ वेळा बुडवायचा, वर प्लास्टिक आणि टॉवेल. मग मेण सोलून पुन्हा वितळवायला ठेवायचं. काकूंच्या घरी करायचं, कारण माझ्या घरी मी होतो. आणि सोललेलं मेण आमच्या घरी ठेवायचं, कारण काकूंच्या घरी उंदीर होते. सुपातले चार पंजे दोन दिवसांचे होते.

"पुरा पंजा निघते, पाहा," आई अभिमानाने कापणीवाल्यांना सांगत होती. "पयल्यांदा तं तुकडे व्हायचे."

सगळे हसत होते. फक्त सुलभा हसत नव्हती. तिने वाकून एक पंजा उचलला. त्यात पट्टी होती.

 कापणीवाले हळूच बाहेर गेले.

"बाबू," आई म्हणाली, "हे कायले आणली?"

"काल तुझी बरणी उघडत नव्हती. मला पाहवलं नाही."

"दुखते मले. अन् पाहवत नाही तुले." ती गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून बसली. "मंग तुह्यासाठी मी गोळी खाऊ का?"

मी खाली वाकून सांडलेले पंजे एकेक करून सुपात ठेवू लागलो.  

मग सुलभाने टॉवेल सोडला आणि मेण सोललं. आईने दोन्ही हात उजेडात धरले, बोटं उघडली, मिटली. आणि माझा उजवा कान अंगठा आणि तर्जनीत धरून मला धानाच्या खोलीतून, अंगणातून, यशोदाकाकूंच्या आणि विळेवाल्यांच्या देखत, संडासापर्यंत नेलं. तिथे मी माझ्या हाताने एकेक गोळी फोडून टाकली. शेवटची पडेपर्यंत तिने कान सोडला नाही.

दोनच दिवसांनी, पुढच्या भेटीत, मॅडमनी तिच्या हातात रबरी चेंडू दिला. "दाबा, मावशी. पकड किती सुधारली ते पाहू."

आईने नाजूकपणे दाबला. मॅडमनी मान हलवून कागदावर 'थोडी' असं लिहिलं.

"ते खोडा, मॅडम," मी म्हणालो आणि कानटोपी काढून अजून सुजलेला उजवा कान त्यांच्याकडे केला. "रिपोर्ट इथे आहे."