पिवळ्या शर्टाचा मान

ज्याला जन्मात पाहिलं नाही, ज्याची भाषा कळत नाही, अशा परक्या माणसासाठी देवाशी हुज्जत घालणारा एकच इसम मी या पृथ्वीतलावर पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहणारे हे मालवणी गृहस्थ गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या गोदामात लागले होते, पण त्यांचं मन कायम फ्रान्समध्ये असे. तिथे दर जुलैत तीन आठवडे सायकलींची मोठी शर्यत चालते. रोज एक टप्पा, आणि एकूण वेळेत जो सगळ्यांच्या पुढे असेल त्याच्या अंगावर दुसऱ्या दिवशी पिवळा शर्ट. रद्दीत आलेल्या परदेशी मासिकांत मामांनी या शर्यतीचे फोटो पाहिले आणि तेव्हापासून ते कामातून गेले. मासिकातलं एक अक्षर त्यांना लागत नसे. फोटोखालचा मजकूर ते मनानेच रचून आम्हाला ऐकवत, आणि मूळ मजकुरापेक्षा तो नक्कीच रंगतदार असावा.

मामांची स्वतःची एक सायकल होती. तिचा वेग असा की भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका त्यांना मागे टाकताना "काय मामा, बरं ना?" अशी चौकशी करून पुढे जात. थाट मात्र फ्रान्सचा. शर्यतवाले उतारावर गार वारा लागू नये म्हणून शर्टाच्या आत वर्तमानपत्र कोंबतात, हे त्यांनी कुठल्याशा फोटोत पाहिलं होतं. झालं! असल्फ्याचा उतार आला की मामांच्या बनियनमध्ये पेपर, तोही आजचा, घरात कुणी न वाचलेला. एकदा मी पेपर मागितला, तर त्यांनी शर्टाची बटणं सोडली, छातीला चिकटलेला पेपर सोलून काढला आणि म्हणाले, "घेवा जावयबापू, गरम गरम बातमी!" चालत्या सायकलवर केळं खाऊन ते साल मागे न बघता भिरकावत. बाजारातून येताना मामी त्यांच्या मागून कधीच चालत नसत.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. एकोणीसशे एकोणनव्वदच्या जुलैत मात्र आमच्या तोंडचं पाणी पळालं. त्या साली शर्यतीत एक फ्रेंच आणि एक अमेरिकन यांची अशी जुंपली होती की पिवळा शर्ट आज याच्या अंगावर तर उद्या त्याच्या. मामा अर्थातच फ्रेंचाच्या बाजूने. मी विचारलं, "मामा, तो फ्रेंच तुमचा कोण लागतो?"

"लागूक कित्याक व्हयो? शर्यत खंयची? फ्रान्सची. मगे मान कोणाचो? गाववाल्याचो! आपल्या जत्रेत पालखी भायरचो माणूस उचलता काय?"

मामा एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गावच्या रवळनाथाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात त्या फ्रेंच पोरासाठी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या म्हाराजा! ह्यो फ्रान्सचो झील तुझ्या पायाशी घातलंय. तेच्या वाटेवरचो खिळो-काटो दूर कर, म्हाराजा!" गाऱ्हाण्याला साथ देण्याची रीत असते, म्हणून मी आणि बायको उत्साहाने ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

"तो जिंकलो तर मी घाटकोपरसून सायकलीन तुझ्या पायरेर येतंय, म्हाराजा!"

ओघात आमच्या तोंडून "व्हय म्हाराजा!" निघून गेलं, आणि मग आपण कशाला होकार दिला ते आमच्या डोक्यात शिरलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या.

कारण आदल्याच वर्षी मामांच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी जिनासुद्धा दमादमाने चढायला सांगितलं होतं. घाटकोपर ते मालवण म्हणजे पाचशे किलोमीटर, त्यात मधले घाट, आणि वर धो धो पाऊस. समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो, देवाला घातलेलं गाऱ्हाणं नाही, एवढं ते पोरांना शिकवत आले होते. आता आमचं सगळ्यांचं सुखदुःख त्या दोन परक्यांच्या हाती, खरं तर पायी, गेलं. अमेरिकन पुढे गेला की मामी गोडाचं करत, फ्रेंच पुढे गेला की घरात पिठलं.

शेवटच्या टप्प्याच्या सकाळी फ्रेंच पन्नास सेकंदांनी पुढे होता. शेवटच्या दिवशी इतकं अंतर तुटत नसतं, असं पेपरात आलं होतं. मामांनी तो पेपर या वेळी बनियनमध्ये न कोंबता घडी घालून देवापुढे ठेवला. साखळीला तेल घातलं, कॅरियरला वळकटी बांधली. मामी माझ्या बायकोला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, आणि दाराआडून मला हलक्या आवाजातलं दुसरं गाऱ्हाणं ऐकू आलं, "बा देवा म्हाराजा, तो अमेरिकन पण कोणाच्या तरी आवशीचो झील आसा. तेका फुडे काढ. मी येवन तुका नारळाचा तोरण बांधतंय." माझी बायको रडत रडत "व्हय म्हाराजा" म्हणत होती.

रात्री जेवणाच्या वेळी ट्रान्झिस्टरची खरखर सुरू झाली. इंग्रजी बातम्या मीच ऐकत होतो, सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. अमेरिकन जिंकला होता. तीन आठवड्यांची शर्यत, आणि फरक फक्त आठ सेकंदांचा! मी ते मराठीत सांगितलं मात्र, मामी पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागल्या. मला तर त्या अमेरिकनाला उचलून नाचावंसं वाटलं. मामा मात्र भिंतीकडे बघत राहिले. "आठ सेकंद," ते म्हणाले. "नारळ सोलूक पण जास्त लागतत."

मग मामींनीच डोळे पुसत आपलं गाऱ्हाणं कबूल केलं. मामा ताडकन उठले. "तू? माझ्याच देवाक? गाववाल्याचो मान घालवलंस!"

"मान गेलो तर गेलो," मामी म्हणाल्या. "तुम्ही ऱ्हवलात."

मामांनी जाऊन कॅरियरवरची वळकटी सोडली.

मामींचं तोरण बांधायला आम्ही श्रावणात एसटीने गावी गेलो. मामा खिडकीशी, शेजारी मामी, मागच्या बाकावर आम्ही दोघं. कशेडीचा घाट लागला, गाडी कण्हत चढू लागली, आणि मामा बोटाने काच पुसून बाहेर दाखवू लागले, "हंय माका चाय पिवची होती. त्या वळणार उतरान चलाचा होता." त्यांनी सगळा रस्ता मनातल्या मनात सायकलने पार केला होता तर! अर्ध्या घाटात एका अवघड वळणावर त्यांचं बोट थांबलं. खालच्या दरीकडे बघत ते कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "हंयसून फुडे माका जमला नसता."

मामींनी डोळे मिटले होते, पण त्या झोपल्या नव्हत्या. त्यांनी नुसता मामांच्या सदऱ्याच्या बाहीचा काठ मुठीत धरला, आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.