दोन ओढ्यांचे खेकडे

"मामा, पेन ठेवा. पेन्सिल घ्या," असं म्हणत सर माझ्या खिशातलं बॉलपेन काढून घ्यायचे आणि स्वतःच्या कानावरची पेन्सिल माझ्या हातात द्यायचे. स्पिरिटात शाई विरघळते, पेन्सिलीचं लिहिलेलं टिकतं. अकरा वर्षांत हे मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, रोज एकच गोष्ट सांगणारा. आपण मान डोलावतो आणि आपल्याला हवं तेच करतो.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. अख्खं कॉलेज मला मामा म्हणायचं. सर तिथं तासावर शिकवायचे. म्हणजे घ्याल तितक्या तासांचे पैसे, आणि मे महिना आला की बसा घरी. कागलकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या संस्थेत डॉक्टरेट करून आलेला. वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आले आणि इथंच अडकले. विभागात एक कायमची जागा निघणार होती. दर वर्षी निघणारच होती. त्या एका जागेच्या आशेवर त्यांनी अकरा वर्षं काढली.

त्यांचा विषय म्हणजे खेकडे. कुठला खेकडा कुठल्या खेकड्याचा भाऊ, आणि ते कधी वेगळे झाले, हे शोधायचं. पावसाळ्यात सुट्टी मिळाली की सर डोंगरमाथ्यावरच्या कातळावर ओढ्यातल्या दगडांखाली हात घालत फिरायचे. एकदा मी बरोबर होतो. एका म्हाताऱ्या गुराख्यानं हटकलं, "काय पावणं, रश्शाला काय?"

"न्हाय ओ, ह्यांची भावकी शोधतोय," सर म्हणाले.

"मग तलाठ्याकडं जावा की. हितं कशाला भिजताय?"

सर इतके हसले की हातातला खेकडा निसटला. मग दुसरा धरला, त्याची एक तंगडी काढून नळीत घातली आणि त्याला पाण्यात सोडून दिलं. "परत फुटती त्याला तंगडी," मला म्हणाले. मी त्यांच्या पायातल्या चपलेकडे बघत होतो. ती दोनदा शिवलेली होती.

ती तंगडी स्पिरिटात ठेवायची, नळीत नंबराची चिठ्ठी टाकायची. तिच्यातला डीएनए वाचायला बाहेर पाठवायचा. तिकडून अक्षरांची लांबलचक माळ यायची. अशा माळा कॉम्प्युटरवर एकमेकींशी जुळवून सर खेकड्यांचा वंशवृक्ष काढायचे. कॉम्प्युटर जुना, एकेक गणित आठवडाभर चालायचं. एकदा विभागप्रमुखांनी चहाची किटली लावायला त्याचाच प्लग काढला. सहा दिवसांचं काम गेलं. सरांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा तरी बरा झालाय का सर?" विभागप्रमुख म्हणाले, साखर कमी आहे. त्या माणसाला लाज वगैरे काही नव्हतीच.

आणि मग एका वर्षी भलतंच निघालं. डोंगराच्या अलीकडच्या, देशावरच्या ओढ्यातला खेकडा कोकणात उतरणाऱ्या ओढ्यातल्या खेकड्यांचा सख्खा निघाला. सरांनी मला खुर्चीत बसवून सांगितलं, "मामा, ह्याचा अर्थ हा ओढा एकेकाळी तिकडं वाहत होता. पाण्यानं वाट बदलली, खेकडं हितंच राहिलं." मला निम्मं कळलं. पण ते बोलताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता, की मीही खुळ्यासारखा हसत बसलो.

तो लेख परदेशातल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. तपासणीचा खर्च खिशातून करायचा, म्हणून देशावरच्या त्या ओढ्याचा एकच खेकडा पाठवला होता. लेखात त्यांनी तसं स्पष्ट लिहिलंही होतं. वर्षभरातच कायमच्या जागेची जाहिरात आली. प्राचार्य स्वतः म्हणाले, "आता तुमचंच आहे हो."

मुलाखतीला पंधरा दिवस होते. सर त्याच ओढ्याचे आणखी खेकडे तपासून बसले होते. त्यातला एकही कोकणातल्यांशी जुळेना. सकाळी मी गेलो तर टेबलावर जुन्या नळ्या ओळीनं मांडलेल्या. दोन चिठ्ठ्या त्यांनी बाजूला काढल्या होत्या. वर पेन्सिलीचे आकडे आणि खाली, कागदाच्या अंगात, फिकट निळा डाग.

"मामा, ह्या दोन कुणी लिहिल्यात?"

मीच लिहिल्या होत्या. त्या दिवशी पेन्सिलीचं टोक मोडलं, टोकयंत्र सापडेना, घरी जायची घाई. बॉलपेननं लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन्ही आकडे धुऊन गेलेले. मग आठवेल तसे वरून पेन्सिलीनं लिहिले. विचारलं नाही, सांगितलंही नाही. दोन ओढ्यांचे खेकडे मी अदलाबदल करून टाकले होते. ओढा काही कुठं वळला नव्हता.

मी सगळं सांगितलं. सरांनी दोन्ही चिठ्ठ्या परत नळ्यांत घातल्या. मग म्हणाले, "तपासायचं काम माझं हुतं."

मी हात जोडले. "सर, मुलाखत होऊ दे. मग कळवा त्यांना."

"पंधरा दिवसांनी खेकडं बदलणार हाईत काय?"

दुपारच्या आत त्यांनी लेख मागं घेत असल्याचं पत्र पाठवून दिलं. कारण लिहिलं, नमुन्यांची अदलाबदल, चूक लेखकाची. माझं नाव कुठंही नाही. "तुमची नोकरीची दोन वर्षं राहिलीत," एवढंच म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी चहा द्यायला मीच होतो. समितीतला एक जण म्हणाला, "लेख मागं घ्यावा लागला म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच." दुसरा म्हणाला, "नमुने कुणी हाताळले होते?" सर म्हणाले, "मीच." मी ट्रे घेऊन त्यांच्या खुर्चीमागं उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी कप उचलले आणि बाहेर आलो.

जागा ज्यांना मिळाली त्यांचे पुष्कळ लेख होते. ते कुणी वाचत नव्हतं, त्यामुळं त्यात कुणाला चूक सापडायचा प्रश्नच नव्हता. सर राजारामपुरीतल्या एका क्लासला लागले. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना तिथं उत्क्रांतीचा धडा दोन तासांत उरकायचा असतो म्हणे. आजही कुणी त्यांचं नाव इंटरनेटवर शोधलं की आधी तो मागं घेतलेला लेखच दिसतो. पुतण्यानं मला वाचून दाखवलं. मी त्याला म्हटलं, बंद कर ते.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. कॉलेजनं निरोप समारंभ केला. पत्रिका सरांनाही गेली होती. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. शेवटच्या रांगेत बसले, क्लासची बॅग मांडीवर घेऊन. विभागप्रमुखांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवरून सांगितलं, "तीस वर्षांत आमच्या मामांच्या हातून एक नंबर चुकला नाही."

टाळ्या पडल्या. सरही टाळ्या वाजवत होते. त्यात टोमणा नव्हता, मी नीट बघितलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग माइक माझ्या हातात आला. मी सगळ्यांचे आभार मानले, प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत, एकेकाचं नाव घेऊन. सरांचं घेतलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मी बोलतच होतो तेव्हा ते उठले, लांबूनच हात जोडले आणि चारच्या बॅचला निघून गेले.