नुसता आकडा चालणार नाही

मी जर्मनीला निघाले तेव्हा लालबागची आमची अख्खी चाळ जिन्यात उभी होती. निरोपासाठी नाही, बघायला. चुलतभाऊ महेशदादाने बॅग उचलायची सोडून सेल्फी काढला. टॅक्सीच्या काचेतून आई एवढंच म्हणाली, "थंय कोणाक भिया नको. पण उगाच भांडा पण नको."

पहिलं जमलं. दुसरं नाही.

तुम्हाला वाटतं, मी परदेशात 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. मी हॉस्पिटलातल्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहिते. पेशंटच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने सोडणारे पंप. त्यात 'डोस' नावाचा क्लास, म्हणजे कोडमधला एक साचा, होता, आमचा टीम लीड मार्कुस याने लिहिलेला. डोस म्हणजे आकडा आणि एकक, दोन्ही हवीत. पण मार्कुसला टायपिंगचा कंटाळा. त्याने अशी सोय केली होती की 'डोस = ५०' एवढंच लिहिलं तरी त्या नुसत्या आकड्याचा आपोआप डोस बनायचा, आणि एकक गुपचूप मिलिग्रॅम धरलं जायचं. नर्सच्या स्क्रीनवरून आकडा यायचा मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे हजारपट औषध, आणि आमचा कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर हूं की चूं करत नव्हता.

मी म्हटलं, हे आपोआप होणारं रूपांतर बंद करा. 'एक्स्प्लिसिट' हा एक शब्द टाकायचा, की नुसता आकडा कंपायलरच नाकारेल. मार्कुस हसला. "तुम्हा भारतीयांना फार भीती वाटते."

मार्कुसचं एक सोडा, तो मूर्ख होता आणि पगारही त्याच कामाचा घेत होता. पण शेजारच्या टेबलावरचा निखिल, पुण्याचा, दिवाळीला मराठी मंडळात संस्कृतीवर भाषण ठोकणारा, कानाशी येऊन म्हणाला, "अगं, कंपाइल होतंय ना? मग तपासणीच्या फॉर्मवर सही करून टाक. व्हिसा कंपनीच्या हातात आहे, विसरू नकोस." या लाचारीला तिकडे 'अ‍ॅडजस्ट होणं' म्हणतात.

मी सही केली नाही. पंप टेबलावर ठेवला, नळी वाटीत सोडली, सगळ्यांना बोलावलं आणि आकडा टाकला. रात्रभर पुरायचं औषध मार्कुसच्या कॉफीचा घोट घशाखाली उतरेपर्यंत वाटीत.  निखिल बुटाची नाडी बांधायला वाकला.

पुढच्या आठवड्यात तो एक शब्द कोडमध्ये आला. मार्कुसने मोठ्या मीटिंगमध्ये तो 'माझी सेफ्टी आयडिया' म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या. निखिलच्या सगळ्यात जोरात. मला एचआरने 'टीमशी जुळवून घेण्याचं' ट्रेनिंग दिलं. तिथे बिस्किटं मात्र चांगली होती.

यंदा सुट्टीवर आले. चाळीच्या जागी टॉवर झालाय. लॉबीत संगमरवर, आणि माणसं तीच. मी हे सगळं सांगत होते, महेशदादाने मध्येच विचारलं, "ते जाऊ दे. पॅकेज किती?" काकी म्हणाली, "तू आता तिथलीच झालीस." न विचारता ठरवूनही टाकलं. तिथे मी 'तुम्ही भारतीय', इथे मी 'तिथली'. दोन्हीकडच्या लोकांना वाटतं, आपण हिला ओळखतो. वाटू दे. त्यांच्या कौतुकाचीही मला आता शिसारी येते.

आई ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. तिला क्लास कळत नाही, कोड कळत नाही. पण सुरी थांबवून तिने विचारलं, "मगे, तो पेशंट वाचलो मां?"

"आई, पेशंट नव्हताच. वाटी होती."

"बरां झालां," ती म्हणाली आणि पुढचा बांगडा उचलला.

एवढ्या माणसांत पेशंटबद्दल तिने एकटीनेच विचारलं. टॉवर, चाळ, लालबाग, मला कशाचं काही उरलेलं नाही. माझं घर म्हणजे त्या ओट्यापाशी उभी असलेली ती बाई. बाकीच्यांनी दारात भेटून जावं.