खलनायकाचा सोफा

रविवारी दुपारी टीव्हीवर तो जुना सिनेमा लागला, शेअरबाजारात सगळ्यांना बुडवणाऱ्या एका शेठचा. लग्न झालं त्या वर्षी मी आणि माझ्या नवऱ्याने तो थिएटरात पाहिला होता. खरं तर शेठचा राग यायला हवा होता, पण माझे डोळे खिळले होते त्याच्या सोफ्यावर. लाल, मखमली, तीन माणसांचा. बाहेर पडताना मी म्हटलं, "माणूस नीच आहे, पण घर छान ठेवलंय." हे घरी पोचेपर्यंत हसत होते. आमच्या एका खोलीत तेव्हा सतरंजी होती आणि पाहुण्यांसाठी एक घडीची खुर्ची.

आता पाहताना ध्यानात आलं, शेठच्या घरात जे जे होतं ते सगळं आमच्याकडे आलंय. फ्रिज, फोन, गॅलरीत कुंड्या, सोफासुद्धा. त्याच्या हावेची हद्द आम्ही केव्हाच ओलांडली, तरी परवाच मी डायनिंग टेबलासाठी हट्ट धरला होता. क्षणभर मला त्या मेल्याची कीवच आली. पुरे झालं म्हणणारं त्याच्या घरी कुणी नसेल.

पडद्यावर शेठ ऐसपैस बसून फोनवर कुणाला तरी गंडवत होता.

"आपला सोफा याच्याहून मोठा आहे, नाही का?" मी ह्यांना विचारलं.

मटार सोलता सोलता ह्यांनी मान वळवून मागे पाहिलं. आम्ही दोघं खाली सतरंजीवरच बसलो होतो, सोफ्याला पाठ टेकून.