चहा घेऊनच जा, भाऊजी!

माझा दीर जर्मनीला पोचला नाही, तो माझ्या चहापायी.

दीर म्हणजे किसन. फौजेत होता. लढाईत सुरुंगावर पाय पडला अन् डावा पाय गुडघ्यापासून गेला. फौजेच्या दवाखान्यात त्याला खुर्चीवर बसून लोखंडी गोळा फेकायला शिकवलं. बाहत्तर साली जर्मनीत अपंग खेळाडूंची जगभरातली स्पर्धा होती (आता तिला पॅरालिंपिक म्हणतात म्हणे), तिच्यासाठी पठ्ठ्याची निवड झाली! पाय गेल्यापासून हा माणूस हसला नव्हता. आईला भेटायला गावी आला तो दात काढतच.

घरी सरावाला गोळा कुठला? माझा वरवंटा! एकदा तो शेजारच्या टिनाच्या छपरावर जाऊन आदळला.

"भाऊजी, मी चटणी कायनं वाटू?"

"थांब वैनी, मेडल आणतो. त्यानं वाटजो!"

निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. ती चुकली की मुंबईहून सुटणारं विमान चुकलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरून निघणाऱ्याला कोरडं पाठवत नाहीत, म्हणून मी चहा पाजला. तिथंच थांबावं की नाही? पण मी हौशी! बैलगाडीपुढं डफडं लावलं आणि गल्लीभर सांगत सुटले, "आमचे भाऊजी जर्मनीले चालले हो!"

झालं! शेजारची गंगूबाई गाडीला आडवी. "वैनीच्या हातचा घेतला, माहा काहून नाही?"

तिचा घेतला, तर तिची जाऊ रुसली. जावेचा घेतला, तर पुढच्या घरची चाची दारात बशी घेऊन उभी!

"अवं, गाडी चुकन माही!" किसन ओरडला.

"कायची चुकते? ठेसनमास्तर तर हा इथं हार घेऊन उभा हाय! त्याच्याबिगर गाडी हालते काय?" गंगूबाई म्हणाली.

गावाचं गणित! मलाही पटलं. मीच मास्तरांच्या हातात बशी दिली. ते फुंकर मारतात तोच शिट्टी झाली.

मास्तर चाचरत म्हणाले, "आज माझी सुट्टी आहे हो!"

बैल पळवले. फलाटावर धूर तेवढा राहिला होता. किसन बैलगाडीतच बसून, गळ्यात हार. मी हंबरडा फोडला, तर तोच म्हणतो, "रडू नको वैनी. चाय चांगला होता."

दुसऱ्या गाडीनं गेला. विमान कधीच उडालं होतं. परत आल्यावर त्यानं वरवंट्याला हात लावला नाही, आणि हसणंही पुन्हा गेलं. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं हो.

"पुढच्या खेपेले जाजा," मी म्हणायची. पण पुढची स्पर्धा यायच्या आधीच त्याला काविळीनं नेलं.

तिरडी उचलली तेव्हा जो तो घाई करत होता. "आटपा रे, ऊन चढून राह्यलं!" तेच गाव, तीच गल्ली! एक दार आडवं आलं नाही. मीच धावले, "थांबा ना जी! चाय टाकते, घेऊन जाऊ द्या त्याले!"

गंगूबाईनं मला कवळ्यात धरलं. "येडी झाली काय वं? मयताच्या घरी चूल पेटवते काय?"

खरंच की! जाऊ द्यायचं होतं तेव्हा या शहाणीनं चहानं अडवलं. आणि अडवायचं होतं, तर चूलच बंद!